हप्त्याची गाडी सोडून जुनी एसयूव्ही घेताना

बारा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता बसतो साधारण १९,६०० रुपये. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला, तर बँकेकडे ७ लाख ६ हजार जमा होतात. पण त्यातले २ लाख ८७ हजार व्याजात जातात आणि मुद्दल अजून ७ लाख ८० हजार शिल्लक राहतं. तेवढ्या काळात गाडीची किंमतही उतरत असते. विमा कंपन्या घसाऱ्याचा जो तक्ता वापरतात, त्यात गाडीला तीन वर्षं झाली की मूळ किमतीतून ४० टक्के वजा होतात, चार वर्षं झाली की ५० टक्के. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा ४० टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तसे जुन्यांचे भावही खाली सरकले.

घरातला एक पगार थांबला, मुलांच्या कॉलेजची फी आली, घराच्या कर्जाचा हप्ता वाढला, की अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांत हा हिशोब कधीतरी कागदावर मांडला जातोच. मग ठरतं: ही गाडी विकायची, कर्ज मिटवायचं आणि आठ-दहा वर्षं जुनी एसयूव्ही घ्यायची. एसयूव्हीच का, असा प्रश्न मुंबईबाहेरच्या माणसाला पडेल. ज्यांना गणपतीत आई-वडिलांसकट, सामानासकट रत्नागिरी-सिंधुदुर्गात उतरायचं असतं आणि ज्यांनी २०११ पासून रुंदीकरण सुरू असलेला मुंबई-गोवा महामार्ग पावसाळ्यात अनुभवला आहे, त्यांना तो पडत नाही.

निर्णय शहाणपणाचा आहे, पण त्यातला निम्मा भाग लोक विसरतात. जुनी गाडी कर्ज कमी करते ती फक्त एकाच अटीवर: पहिल्या वर्षाची दुरुस्ती ही गाडीच्या किमतीचाच भाग आहे, असं धरून ती रक्कम आधीच बाजूला ठेवलेली असली पाहिजे आणि योग्य क्रमाने खर्च झाली पाहिजे. नाहीतर बँकेचा हप्ता बंद होतो आणि गॅरेजचा सुरू होतो. तो क्रेडिट कार्डावर गेला, तर थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे गाडीच्या मूळ कर्जाच्या व्याजदराच्या चौपटीहून जास्त.

आकडे मांडून पाहू. वरच्या उदाहरणातली गाडी समजा सव्वाआठ लाखांना गेली. कर्ज फेडून आणि मुदतीआधी फेडल्याचा दंड भरून हातात फार काही उरत नाही. वाहनकर्ज बहुधा स्थिर व्याजदराचं असतं आणि त्यावर असा दंड लागतो, म्हणून त्याची टक्केवारी करारात आधीच पाहून ठेवावी. जुन्या गाडीसाठी समजा साडेचार लाख लागणार आहेत. दीड लाख बचतीतून घातले आणि तीन लाखांचं कर्ज १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलं, तर हप्ता येतो १०,१०० च्या आसपास. व्याजदर चढा दिसतो, पण एकूण व्याज ६४ हजारांत आटोपतं आणि आधीच्या चार वर्षांच्या शिल्लक हप्त्यांचे ९ लाख ४१ हजार टळतात. महिन्याला वाचतात साडेनऊ हजार. पहिल्या बारा महिन्यांचे होतात १ लाख १४ हजार. हे पैसे तुमचे नाहीत, गाडीचे आहेत. साडेचार लाखांच्या, दहा वर्षं रस्त्यावर राबलेल्या एसयूव्हीला पुन्हा भरवशाची करायला किमतीच्या चतुर्थांश रक्कम लागते असं धरून चालावं, आणि ही बचत नेमकी तेवढीच आहे. खरी बचत दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. हे मान्य नसेल, तर एसयूव्हीचा नाद सोडून छोटी पेट्रोल गाडी घेतलेली बरी.

आता गाडी कोणती. जुन्या एसयूव्ही दोन जातीच्या असतात. महिंद्राची बोलेरो (२०००), स्कॉर्पिओ (२००२), टाटाची पहिली सफारी (१९९८) या गाड्यांची बॉडी वेगळ्या लोखंडी चासीवर बसवलेली. रेनो डस्टर (२०१२), फोर्ड इकोस्पोर्ट (२०१३) यांना वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. पहिल्या जातीच्या गाड्या जड, वळणावर झुलणाऱ्या, पण दुरुस्तीला सोप्या. पत्रा चेपला तरी सांगाडा शाबूत असू शकतो. दुसऱ्या जातीच्या चालवायला हलक्या आणि शहरात सोयीच्या. पण मोठा अपघात झालेली गाडी वरून रंगवून चकचकीत केलेली असली तरी सांगाडा वाकलेला असू शकतो, आणि मग टायर कितीही वेळा अलाइन केले तरी एका बाजूने झिजत राहतात.

इंजिनात एक गोष्ट नक्की विचारायची: टायमिंगची साखळी आहे की पट्टा? स्कॉर्पिओच्या २,१७९ सीसीच्या एमहॉक इंजिनात साखळी आहे. डस्टरच्या १,४६१ सीसीच्या डिझेल इंजिनात रबरी पट्टा आहे, तसाच तो जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेलमध्येही आहे. हा पट्टा क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टचा ताळमेळ राखतो. तो चालू गाडीत तुटला, तर वर-खाली होणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पट्टा किलोमीटरवर जसा झिजतो, तसा वर्षांनीही सुकतो. त्यामुळे ‘गाडी फारच कमी चालली आहे’ हे इथे समाधानाचं कारण नाही. बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही, तर पट्टा जुनाच आहे असं समजून टेन्शनर, आयडलर आणि शक्यतो वॉटर पंपासह लगेच बदलून घ्यावा. इतकं काम उघडलेलंच असतं, तेव्हा पंपासाठी पुन्हा मजुरी देण्यात अर्थ नाही.

इंजिनाच्या आकाराचा परिणाम विम्यावरही होतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये आहे आणि १,५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. म्हणजे इकोस्पोर्टचं १,४९८ सीसीचं डिझेल खालच्या गटात आणि स्कॉर्पिओ वरच्या. फरक दरवर्षी साडेचार हजारांचा. उलट बाजूने, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. अशी गाडी घेताना जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि नेहमी लागणारे सुटे भाग किती दिवसांत येतात, हे आधी फोन करून विचारावं. बोलेरो-स्कॉर्पिओला ही अडचण नाही. त्यांचा बुश आणि फिल्टर अगदी तालुक्याच्या गावातही मिळतो, आणि गावी जाण्यासाठीच गाडी घेत असाल तर हा मुद्दा निर्णायक ठरावा.

मुंबईत गाडी तपासताना दोन शत्रू डोळ्यासमोर ठेवायचे, दोन्ही पाण्याचेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. तेव्हाच्या गाड्या आता बाजारात क्वचितच दिसतील, पण उपनगरांत पाणी दरवर्षी साचतं. अंधेरीचा सबवे पावसाळ्यात कितीदा बंद होतो, हे त्या भागातल्या कुणालाही विचारा. पाण्यात उभी राहिलेली गाडी आतून धुऊन, सुगंधी फवारा मारून विकायला ठेवतात. म्हणून सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून पाहावा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल, तर ती कुणी धुतलेली नसते. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा दमटपणा, फ्यूज बॉक्समधल्या पितळी टोकांवरची हिरवट बुरशी, हेडलाइटच्या आत साचलेली वाफ यांतलं काहीही दिसलं तर गाडी सोडावी, भाव कितीही कमी असो. भिजलेल्या वायरिंगचा त्रास दुरुस्तीने संपत नाही. आज सेन्सर जातो, उद्या पॉवर विंडो, परवा गाडी मध्येच बंद पडते, आणि प्रत्येक वेळी इलेक्ट्रिशियनला दोष शोधण्याचेच पैसे द्यावे लागतात.

दुसरा शत्रू खारी हवा. वर्सोवा, गोराई, मढ या बाजूला वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांचा पत्रा वरून ठीक दिसतो. गंज असतो खाली. दरवाज्यांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी, सायलेन्सरच्या पट्ट्या आणि चासीचे जोड टॉर्च लावून पाहावेत. त्यासाठी गाडी लिफ्टवर चढलीच पाहिजे. नुकताच काळा अंडरबॉडी कोट मारलेला दिसला, तर खूश होऊ नये. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघावं. पत्रा घट्ट वाजतो की भुगा पडतो, ते लगेच कळतं.

किलोमीटरचा आकडा हा या बाजारातला सर्वांत कमी विश्वासाचा पुरावा आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडची नोंद मागावी. तिथे प्रत्येक भेटीला किलोमीटर लिहिलेले असतात. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंगचं कातडं चकाकलेलं, चालकाची सीट एका बाजूला खचलेली आणि मीटर मात्र पन्नास हजारांच्या आत असेल, तर मीटर खरं बोलत नाही. काही गाड्या आधी टुरिस्ट म्हणून चाललेल्या असतात आणि नंतर खासगीत बदलून घेतलेल्या असतात. आर.सी.चा इतिहास आणि जुन्या विम्याचा प्रकार पाहिला तर ते समजतं.

गाडी थंड असताना सुरू करून पाहायची, असा आग्रह धरावा. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर त्याला कारण असतं. डिझेलचा धूर रंगाने बोलतो: सतत निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंग किंवा टर्बोकडे बोट जातं, रेस दिल्यावर दाट काळा म्हणजे इंजेक्टर, हवेचा फिल्टर किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा म्हणजे कूलंट इंजिनात शिरतंय. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडून वर हात धरावा. थोडी फुंकर साहजिक आहे. जोराने धूर बाहेर पडत असेल, तर इंजिन आतून झिजलेलं आहे. इंजिनाचं पूर्ण काम निघालेली गाडी कर्ज कमी करण्यासाठी घ्यायची नसते.

एवढ्यातून पार पडलेली गाडी घरी आली, की खरं काम सुरू होतं, आणि इथेच बहुतेकांचा क्रम चुकतो. पहिले पैसे सीट कव्हर, टचस्क्रीन आणि रंगावर जातात, कारण दिसतात तेच. माझं ठाम मत आहे की पहिल्या महिन्यात एक रुपयाही दिसण्यावर जाता कामा नये.

सर्वांत आधी गाडी थांबली पाहिजे आणि वळली पाहिजे. ब्रेक पॅड, डिस्कची जाडी, मागच्या ड्रमचे सिलिंडर आणि पाइप तपासून घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि मुंबईच्या हवेत ती भरपूर असते. ओल शोषलेलं ऑइल कसारा किंवा वरंध घाटाच्या उतारावर तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. जुन्या गाडीत पहिल्याच दिवशी बदलावं. मग टायर. नक्षी पाहण्याआधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यानेही बाद, पण कमी चाललेल्या एसयूव्हीत नक्षी शाबूत आणि रबर मात्र कडक, बाजूला बारीक तडे गेलेलं, असं फार आढळतं. सहा वर्षं उलटलेले टायर ओल्या रस्त्यावर भरवशाचे नसतात. स्टेपनीचंही वर्ष पाहावं; ती तर बहुधा गाडीसोबतच आलेली असते.

दुसरं काम इंजिन जिवंत ठेवण्याचं. सगळे फिल्टर, इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचं ऑइल एकदम बदलून टाकावं, म्हणजे यापुढचा हिशोब तुमच्या तारखेपासून सुरू होतो. रेडिएटरकडे विशेष लक्ष. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलेलं असेल, तर ते गंजाने तांबूस झालेलं दिसतं. सिस्टिम फ्लश करून, होस पाइप दाबून पाहून, कडक झालेले बदलून, पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट भरावं. होस पाइप स्वस्त असतो. तो फुटून तापलेल्या इंजिनाचं हेड वाकलं, तर वर्षभराची बचत एका दुपारी जाते.

तिसरं सस्पेन्शन. खड्ड्यांच्या शहरात दहा वर्षं चाललेल्या गाडीचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि शॉकअप शाबूत असणं अशक्यच. मिस्त्री बहुधा ‘पूर्ण किट टाकू’ म्हणतात. इथे घाई करू नये. गाडी लिफ्टवर घेऊन पहारीने एकेक जोड हलवून दाखवायला सांगा. लोअर आर्मचे बुश फाटले असतील आणि शॉकअप गळत नसतील, तर आज बुश पुरे. मात्र शॉकअप बदलायचे झाले तर एका बाजूचा एकच नाही. पुढची जोडी किंवा मागची जोडी. या कामानंतरच व्हील अलाइनमेंट करायची. आधी केलेली वाया जाते.

एसी, क्लच, बॅटरी ही नंतरची यादी. क्लच घसरतोय की नाही, हे चढावर वरच्या गिअरमध्ये रेस देऊन कळतं: आवाज वाढतो, वेग वाढत नाही. तो घसरत नसेल तर जड लागतो एवढ्यावरून बदलू नये. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात ‘कमी’ होत असेल, तर नुसता भरून घेण्याला अर्थ नाही. गॅस वापराने संपत नसतो, गळतो. आधी गळती शोधायची, बहुधा कूलिंग कॉइल किंवा कंडेन्सर, आणि मग भरायचा.

हे सगळं करायला मुंबईच्या उपनगरांइतकी सोयीची जागा देशात थोडीच असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी कुर्ल्यात बनत होती; महिंद्राचा कारखाना कांदिवलीत आहे. गाडीभोवती रोजीरोटी करणाऱ्या मिस्त्री-कारागिरांच्या पिढ्या या पट्ट्यात घडल्या. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोड आणि कापडिया नगर भागात मोडलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आजही रांगेने लागलेली आहेत, आणि नव्या भागांसाठी ऑपेरा हाउसचा बाजार आहे.

जुना सुटा भाग घ्यावा का? काही भाग जरूर घ्यावेत. दरवाजा, बॉनेट, काच, आरसा, हेडलाइट, सीट, दरवाज्याचं हँडल, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक हे कुर्ल्याहून आणलं तर नव्याच्या कितीतरी कमी पैशांत काम होतं आणि धोका काहीच नाही. काही भाग कधीच घेऊ नयेत: ब्रेकचं काहीही, स्टीअरिंग रॅक, बॉल जॉइंट, टायमिंग पट्टा, एअरबॅग, टायर. यांची झीज डोळ्यांना दिसत नाही. नव्या भागातही प्रती असतात. कंपनीच्या डब्यातला भाग, तोच भाग बनवणाऱ्या मूळ उत्पादकाच्या स्वतःच्या डब्यातला, आणि हुबेहूब खोका छापलेला नकली. मधला पर्याय सर्वांत फायद्याचा: बनवणारा तोच, गाडीच्या कंपनीचं नाव नाही म्हणून स्वस्त. फिल्टर, क्लच, शॉकअप, बेअरिंग यांत तो सहज मिळतो.

गॅरेजशी व्यवहार करताना तीन गोष्टी सुरुवातीलाच बोलून घ्याव्यात. मजुरी आणि पार्ट वेगळे लिहायचे, काढलेला जुना भाग परत द्यायचा, आणि सांगितल्याशिवाय यादीबाहेरचं काम उघडायचं नाही. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. रागावला, तर दुसरा मिस्त्री शोधावा. डिझेलचे इंजेक्टर, टर्बो आणि एसी ही मात्र त्या-त्या जाणकाराचीच कामं आहेत. कॉमन रेल इंजेक्टर बेंचवर तपासून कोणता गळतोय ते नेमकं कळतं, आणि चारऐवजी एकच बदलून भागू शकतं.

पैसे वाचवायचे तर काय करू नये, तेही सांगायला हवं. लोखंडी बुलगार्ड लावू नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं आहे, आणि धडकेचा जोर एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत नीट पोहोचण्यात तो अडथळा आणतो. मापापेक्षा रुंद टायर लावू नयेत. बेअरिंग आणि स्टीअरिंग लवकर झिजतात, इंधन जास्त जातं. वायरिंग कापून हॉर्न-दिवे जोडू नयेत.

वापराबद्दलही एक सूचना आहे. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो २०१४ पासून आहे आणि दहिसर-अंधेरीच्या दोन मार्गिका जानेवारी २०२३ पासून पूर्ण धावतात. कामाला जाण्यासाठी लोकल-मेट्रो आणि लांबच्या प्रवासाला गाडी, असं ठेवलं तर डिझेल, टायर आणि क्लच तिन्ही वाचतात. पण डिझेल गाडी आठवडाभर उभी ठेवून फक्त कोपऱ्यावरच्या भाजीबाजारात नेऊ नये. थंड इंजिन आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये ईजीआरमध्ये काजळी साचते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये तर धुराचा फिल्टर असतो, जो स्वच्छ व्हायला सलग वेगाचा प्रवास लागतो. अधूनमधून पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गावरून ठाणे-विरारपर्यंत एक मोकळी फेरी मारली की काम भागतं. आणि पावसात पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधा विमा हे नुकसान सहसा भरत नाही.

विम्याच्या दाव्यातही जुन्या गाडीला कमी मिळतं, हे माहीत असावं. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. दहा वर्षांवरच्या गाडीत धातूच्या भागांवरही तेवढाच. म्हणून छोट्या ओरखड्यांसाठी दावा करून नो क्लेम बोनस घालवू नये. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी हप्त्याची गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायला विसरू नका. ५० टक्क्यांपर्यंतची सूट नव्या-जुन्या गाडीवर लावता येते.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असलं तरी तिथेच सर्वांत महाग चुका होतात. स्वतःची गाडी विकताना बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आर.सी.वरचा बोजा उतरवा. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आर.सी.वर ज्याचं नाव आहे त्याची. गाडी चार हातांतून पुढे गेलेली असली तरीही. म्हणून दलाल ‘नाव नंतर करू’ म्हणाला, तर चावी देऊ नका. घेतलेल्या गाडीचे थकलेले ई-चलान, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीची नोंदणी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट (चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी) हे सौद्याआधीच तपासा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. नंतर दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्याची केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. दिल्लीत होती तशी १० वर्षांच्या डिझेलवर सरसकट बंदी आपल्याकडे नाही. तिथल्या निर्बंधांमुळे डिझेल एसयूव्ही इतर राज्यांत स्वस्तात येतात. अशी गाडी घेताना तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि नव्या नोंदणीचा खर्च किमतीत मिळवून पाहा. स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते.

एवढं सगळं करूनही सौदा फसू शकतो. म्हणून टोकन देण्याआधी ओळखीच्या मिस्त्रीला हजार-दोन हजार देऊन गाडी लिफ्टवर चढवा आणि दुरुस्तीची यादी रुपयांसकट लिहून घ्या. यादी किमतीच्या चतुर्थांशात बसली तर घ्या. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेली तर तेवढा भाव पाडून मागा. निम्म्यावर गेली तर ती गाडी कितीही आवडली असली, रंग कितीही मनासारखा असला, तरी परत या. उपनगरांत तशा शंभर गाड्या विकायला उभ्या आहेत.